अंदाजांवरचा नफा आणि ‘आमचा एकच विभाग’: विमान कंपन्यांच्या लेखापरीक्षण समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि स्वतंत्र संचालक,
लेखापरीक्षण समिती,
भारतातील सर्व विमान वाहतूक कंपन्या

स.न.वि.वि.

वार्षिक अहवाल मी मागून वाचते. रंगीत फोटो, नव्या मार्गांचे नकाशे, अध्यक्षांचं मनोगत, हे सगळं नंतर. आधी टिपा. त्यातही आधी विभागनिहाय माहितीची टीप, म्हणजे कंपनीच्या कोणत्या धंद्यातून किती कमाई आणि नफा झाला ती. ती शोधायला वेळ लागतो, कारण ती जेमतेम अर्ध्या पानाची असते. हल्ली तिथे बहुधा असा मजकूर सापडतो: समूहाचा व्यवसाय हवाई वाहतूक हा एकच, त्यामुळे वेगळा विभाग दाखवण्याची गरज नाही. खाली देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय महसुलाचे दोन आकडे. संपलं. प्रवासी, माल, प्रवाशांना बक्षीस म्हणून मिळणाऱ्या पॉइंट्सची योजना, विमानं भाड्याने घेण्यासाठी गुजरातेतल्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रात काढलेली उपकंपनी, सगळं त्या एका विभागात.

यंदाचे अहवाल वाचतानाही तीच ओळ दिसली आणि गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. ते सेबीला किंवा लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणाऱ्या एनएफआरएला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, त्याला कारण आहे. लेखापरीक्षण समितीने काय काय तपासायचं याची यादी सेबीच्या लिस्टिंग नियमांत दिली आहे. व्यवस्थापनाने स्वतःच्या विवेकाने बांधलेल्या अंदाजांवर आधारलेल्या मोठ्या नोंदी, हे कलम त्यात स्पष्ट आहे. म्हणजे मी जे मागणार आहे ते तुमचंच काम आहे.

मी कोण, तेही सांगते. मुंबईत एका विमान कंपनीच्या हिशेब खात्यात मी नोकरी केली. ती कंपनी आता उडत नाही. तिचं नाव घेत नाही, कारण हे पत्र तिच्यापुरतं नाही. ग्रॅच्युइटीचा दावा लावून बसलेल्यांमध्ये मीही आहे. शिवाय विमान कंपन्यांचे थोडे शेअर आजही माझ्या डीमॅट खात्यात आहेत. घरचे विचारतात, एकदा हात पोळला तरी हौस फिटली नाही का? फिटली नाही, म्हणून तर टिपा वाचते.

माझ्या टेबलावर री-डिलिव्हरीचं काम असायचं. भाड्याने घेतलेलं विमान मुदत संपली की ठरलेल्या स्थितीत परत द्यावं लागतं. इंजिनात अमुक इतकी उड्डाणं शिल्लक हवीत, लँडिंग गिअरची दुरुस्ती अमुक काळाच्या आत झालेली हवी, सीटची कव्हरं, आतले पडदे, शेपटीवरचं आपलं बोधचिन्ह काढून केलेली रंगरंगोटी, आणि प्रत्येक सुट्या भागाचे कागद. इंजिनातल्या ज्या चकत्यांचं आयुष्य उड्डाणांत मोजतात, त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास कागदावर नसेल, तर चकती कितीही चांगली असो, तिची किंमत भंगाराची. हे सगळं चार-सहा वर्षांनी डॉलरमध्ये किती पडेल ते आज ठरवून देणं म्हणून दाखवायचं, हे आमचं काम. इंजिनिअरिंगकडून उड्डाणांचे आकडे यायचे. उरलेले महिने, डॉलरचा भाव, दुरुस्तीची महागाई आणि भविष्यातली रक्कम आजच्या किमतीत आणण्याचा व्याजदर, हे रकाने आम्ही भरायचो.

तिमाही संपताना वरून फोन यायचा. खोटं करा असं कोणी कधी म्हटलं नाही. ‘हा रेट जरा परत बघा. रेंजमध्ये बसतोय ना?’ एवढंच. बसायचाही. समजा, सहा वर्षांनी एका विमानामागे ४० कोटी लागणार आहेत. सहा टक्क्यांनी मोजलं तर आजचं देणं २८ कोटींच्या वर जातं, नऊ टक्क्यांनी मोजलं तर २४ कोटींच्या आत राहतं. विमानामागे चार कोटींचा फरक. शंभर विमानं असतील तर चारशे कोटींचा. दोन्ही दरांसाठी कारणं देता येतात, आणि दोन्ही कागद लेखापरीक्षकांपुढे ठेवता येतात. वाचणाऱ्याला मात्र शेवटचा एकच आकडा दिसतो, पैशापर्यंत काटेकोर.

आता तक्रारी.

पहिली तक्रार त्या एका विभागाची, आणि तीच सगळ्यात मोठी. इंड एएस १०८ हे मानक सांगतं की कंपनीचा मुख्य निर्णयकर्ता ज्या तुकड्यांत धंदा बघतो, त्या तुकड्यांत तो भागधारकांनाही दाखवा. विमान कंपनीत प्रत्येक मार्गाचा नफा-तोटा वेगळा काढतात. कुठलं विमान कुठल्या मार्गावरून काढून कुठे लावायचं, हे त्याच कागदावर ठरतं. मग निर्णयकर्त्याला सगळा धंदा एकसंध दिसतो, यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? मार्गामार्गाचा हिशेब छापा असं मी म्हणत नाही. पण त्याच्या आणि ‘एकच विभाग’ याच्या मध्ये बरीच जागा आहे.

विभाग एकत्र करायला मानक परवानगी देतं, पण त्यांचं आर्थिक स्वरूप सारखं असेल तरच. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं स्वरूप सारखं आहे का? मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानाच्या इंधनावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. त्याच मुंबईहून दुबईला जाणाऱ्या भारतीय विमानाच्या इंधनाला हा व्हॅट लागत नाही. देशातली तिकिटं रुपयात विकली जातात आणि विमानाचं भाडं डॉलरमध्ये जातं. परदेशी मार्गांवर थोडी डॉलरची कमाई तरी होते. एकीकडे उडण्याचा हक्क दोन सरकारांच्या करारावर ठरतो, दुसरीकडे स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळण्यावर. इंधन, चलन, परवाने, स्पर्धक सगळं वेगळं. हे सारखं असेल तर वेगळं म्हणायचं तरी कशाला?

बरं, हे जमत नाही असंही नाही. जेट एअरवेज तिमाही निकालांत देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय व्यवसाय वेगळे दाखवायची. स्पाइसजेटने मालवाहतूक वेगळा विभाग म्हणून दाखवली. बाहेर बघितलं तर ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचा अहवाल देशांतर्गत, आंतरराष्ट्रीय, जेटस्टार ही स्वस्त कंपनी आणि लॉयल्टी म्हणजे पॉइंट्सची योजना असे चार हिशेब मांडतो. लुफ्तान्सा मालवाहतूक आणि विमान दुरुस्ती वेगळी काढते. एअर फ्रान्स-केएलएम तिची स्वस्त कंपनी ट्रान्सॅव्हिया वेगळी दाखवते. या कंपन्यांचं त्यामुळे काही बिघडलं नाही.

‘स्पर्धकांना कळेल’ हे उत्तर मी नोकरीत असताना पुष्कळ ऐकलं आहे. स्पर्धकाला आमचं भाडं मिनिटामिनिटाला दिसतं. कोणाची विमानं किती भरून गेली ते डीजीसीए, म्हणजे सरकारचं विमान वाहतूक नियामक खातं, दर महिन्याला कंपनीच्या नावासह जाहीर करतं. अमेरिकेत तर विमान कंपन्यांना तिथल्या परिवहन खात्याकडे दर तिमाहीला प्रदेशवार उत्पन्न आणि खर्च द्यावा लागतो. तो फॉर्म ४१ कोणालाही वाचता येतो आणि तिथली स्पर्धा त्याने मेलेली नाही. म्हणजे अंधारात राहतो तो फक्त किरकोळ भागधारक.

आणि महाराष्ट्रातला प्रवासी. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. पण लहान विमानतळांवर विमान आज असतं, उद्या नसतं. ‘मार्ग परवडत नाही’ असं सांगितलं जातं, तेव्हा ते खरंही असेल. पण प्रादेशिक सेवेचा हिशेबच कुठे दिसत नसल्यामुळे कोकणातला माणूस, आमदार किंवा पत्रकार ते तपासू शकत नाही. एकूण धंद्याच्या दहा टक्के भरणारा विभाग दाखवावाच लागतो, आणि प्रादेशिक उड्डाणं त्या निकषात बसत नाहीत, हे मला माहीत आहे. पण निकषाखालचा विभागही उपयुक्त वाटला तर दाखवता येतो, असं तेच मानक सांगतं. ज्या मार्गांना उडान योजनेतून सरकारी पैसा मिळतो, त्यांच्याबाबत तरी तो दाखवायला हवा.

एअर इंडियाची तर आणखी गंमत. कंपनी शेअर बाजारात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली आणि सिंगापूर एअरलाइन्सकडे २५.१ टक्के वाटा आला. तेव्हापासून एअर इंडियाचं वर्षाच्या मध्ये काय चाललं आहे याचा अदमास घ्यायचा, तर सिंगापूरचे निकाल उघडून त्यांनी आपल्या वाट्याला किती तोटा धरला ते बघावं लागतं. सत्तर वर्षं या देशाच्या करदात्यांनी पोसलेली कंपनी!

दुसरी तक्रार विमानांच्या आयुष्याची. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट २ मध्ये विमानाचं आयुष्य २० वर्षं धरलं आहे आणि शेवटची किंमत मूळ किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावी अशी अपेक्षा आहे. कारण दिलं तर वेगळंही धरता येतं. ४०० कोटींचं विमान धरा. २० वर्षं आणि पाच टक्के घेतले तर घसारा वर्षाला १९ कोटी. २५ वर्षं आणि दहा टक्के घेतले तर १४ कोटी ४० लाख. विमान तेच, प्रवासी तेच, नफा साडेचार कोटींहून जास्त वाढला. जुनीच गोष्ट आहे ही. अमेरिकेच्या डेल्टाने विमानांचं आयुष्य १९८६ मध्ये १० वरून १५ वर्षं केलं आणि १९९३ मध्ये २०. सिंगापूर एअरलाइन्स १९८९ पर्यंत आठ वर्षं धरायची, मग दहा, आणि २००१ पासून १५. अंदाज बदलण्यात गैर काही नाही. माझी तक्रार एवढीच की बदलाची नोंद टिपांमध्ये बारीक अक्षरांत येते आणि वाढलेला नफा मथळ्यात.

तिसरी, इंजिन आणि विमान बनवणाऱ्यांकडून येणाऱ्या भरपाईची. मार्च २०१९ मध्ये बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांची उड्डाणं जगभर थांबवली गेली. स्पाइसजेटने बोइंगकडून भरपाई येईल असं धरून ती उत्पन्नात घेतली. लेखापरीक्षकांनी ते मान्य न करता आपल्या अहवालात तसा शेरा मारला. पुढे बोइंगशी तडजोड झाली, तो भाग वेगळा. ‘येईल’ आणि ‘आले’ यांतला फरक निकालाच्या पहिल्या पानावर दिसायला हवा होता. आता प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे विमानं उभी राहिली, तेव्हाही हाच प्रश्न आहे. मिळालेली सवलत इतर उत्पन्नात गेली, भाड्यातून वजा झाली की दुरुस्तीच्या खर्चातून? बाहेरच्या माणसाला पत्ता लागत नाही. याच इंजिनांकडे बोट दाखवत गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला. तिकिटांचे पैसे भरलेले प्रवासी आणि ट्रॅव्हल एजंट रांगेत मागे उभे राहिले.

चौथी, पॉइंट्सची. प्रवाशाला दिलेल्या पॉइंट्सपैकी किती कधीच वापरले जाणार नाहीत, हाही अंदाज, आणि तो वाढवला की आजचं उत्पन्न वाढतं. हा धंदा किती मोठा असू शकतो ते अमेरिकेत २०२० मध्ये दिसलं. कोविडमध्ये कर्ज काढण्यासाठी युनायटेडने आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवली, तेव्हा योजनेचं मूल्यांकन सुमारे २२ अब्ज डॉलर निघालं. ते शेअर बाजारातल्या अख्ख्या कंपनीच्या किमतीहून जास्त होतं. तोवर भागधारकांना याची कल्पना नव्हती. आपल्याकडेही अबू धाबीच्या एतिहाद विमान कंपनीने २०१४ मध्ये जेटच्या पॉइंट्सच्या कंपनीतला ५०.१ टक्के वाटा १५ कोटी डॉलरला घेतला होता. एवढी किंमत ज्याला येते तो वेगळा धंदा आहे, असं मानायला आणखी काय हवं?

पाचवी तक्रार लेखापरीक्षकांच्या अहवालाबद्दल, आणि ती बदलणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. २०१८ पासून लेखापरीक्षक महत्त्वाच्या बाबी वेगळ्या लिहितात. री-डिलिव्हरीची तरतूद, म्हणजे विमान परत देण्याच्या खर्चासाठी दाखवलेलं देणं, तिथे येते. आम्ही पद्धत समजून घेतली, गृहीतकं तपासली, नमुने घेतले, असं लिहिलेलं असतं. मग काय आढळलं? ते लिहिलेलं नसतं. ब्रिटनमध्ये रोल्स-रॉइसच्या २०१३ च्या हिशेबावर तिचे लेखापरीक्षक केपीएमजी यांनी एकेका अंदाजापुढे तो समतोल आहे, किंचित सावध आहे की किंचित आशावादी, हेही लिहून दिलं होतं. तुम्ही मागितलंत तर आपले लेखापरीक्षकही देतील. नाही दिलं, तर ते का देत नाहीत हे तरी कळेल.

अंदाज चुकला की कोणाचं काय जातं, हे पार्ल्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बंद पडलेल्या किंगफिशर एअरलाइन्सच्या, विमानतळाजवळच्या किंगफिशर हाउसचा लिलाव मार्च २०१६ मध्ये १५० कोटींच्या राखीव किमतीवर ठेवला, तेव्हा कोणी बोली लावली नाही. २०२१ मध्ये ते सुमारे ५२ कोटींना गेलं. किंगफिशरच्या ज्या नाममुद्रेचं (ब्रँडचं) मूल्य चार हजार कोटींच्या घरात आहे असं मानून बँकांनी ती तारण घेतली, तिची राखीव किंमत २०१६ च्या लिलावात ३६६ कोटी ७० लाख होती. तिलाही कोणी विचारलं नाही. मूल्यांकनावर सही करणाऱ्यांच्या घरात त्यामुळे चूल विझली नाही. पगार थकलेल्या इंजिनिअरच्या आणि लोडरच्या घरात विझली.

तुमच्या हातात काही नसतं असं म्हणू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये जेट एअरवेजच्या लेखापरीक्षण समितीने तिमाही निकाल संचालक मंडळाकडे पाठवण्याची शिफारस केली नाही आणि ९ तारखेला ते जाहीर होऊ शकले नाहीत. शेअर घसरला, टीका झाली. २७ ऑगस्टला निकाल आले तेव्हा तोटा १,३२३ कोटी होता. पुढच्या १७ एप्रिलला रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. समिती अडली म्हणून कंपनी वाचली नाही, हे खरं. पण त्या अडीच आठवड्यांत ज्याला डोळे उघडायचे होते त्याला ते उघडता आले. माझ्या नोकरीतल्या कंपनीत असं कोणी अडलेलं मी पाहिलं नाही.

माझ्या मागण्या अशा:

१. देशांतर्गत, आंतरराष्ट्रीय, मालवाहतूक आणि पॉइंट्सची योजना यांचा महसूल आणि नफा वेगळा दाखवा. एकच विभाग आहे असं म्हणायचं असेल, तर मुख्य निर्णयकर्ता कोण, त्याच्यापुढे दरमहा कोणते अहवाल जातात आणि कोणत्या निकषावर विभाग एकत्र केले, हे लिहा.

२. गिफ्ट सिटीतल्या आणि परदेशातल्या विमान भाड्याच्या उपकंपन्यांचे व्यवहार समूहाच्या हिशेबात एकमेकांतून वजा होतात. ते वजा होण्याआधी किती होते याचा तक्ता द्या.

३. री-डिलिव्हरीची तरतूद, विमानांचं आयुष्य, व्याजदर, डॉलरचा भाव आणि न वापरलेले पॉइंट्स, या प्रत्येक अंदाजात थोडा बदल झाला तर नफा कितीने हलेल, हे एका पानावर मांडा.

४. मागच्या तीन वर्षांत परत दिलेल्या विमानांसाठी तरतूद किती होती आणि प्रत्यक्षात किती गेले, ते जाहीर करा. माझ्या दृष्टीने ही मागणी सगळ्यात महत्त्वाची आहे. अंदाज बांधणाऱ्याची परीक्षा त्याच्या जुन्या अंदाजांवरून होते. हा आकडा हिशेब खात्यात तयार असतो, माझ्या कंपनीत मीच तो तयार करत असे.

५. अंदाज बदलल्यामुळे नफा वाढला किंवा घटला असेल, तर ती रक्कम निकालाच्या पत्रकात नफ्याच्या शेजारी छापा. बनवणाऱ्यांकडून मिळालेली आणि नुसती अपेक्षित असलेली भरपाई वेगवेगळ्या ओळींत दाखवा.

६. लेखापरीक्षकांकडून प्रत्येक मोठ्या अंदाजाबद्दल मत मागा आणि ते अहवालात येऊ द्या.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. बहुतेक आकडे आजही तुमच्या बैठकीच्या फाइलमध्ये असतात.

येत्या वार्षिक सभांसाठी मी वक्ता भागधारक म्हणून नाव नोंदवणार आहे. ऑनलाइन सभेत दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात सूत्रसंचालक ‘मॅडम, कृपया आटोपतं घ्या’ म्हणतोच. म्हणून हे प्रश्न आधीच लेखी देते आहे. कंपनी सचिवांमार्फत याच पत्राची प्रत प्रत्येक समितीला ईमेलने जाईल. सभेत ‘आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे’ हे उत्तर मला नको. चौथ्या मागणीतला आकडा देणार की नाही, एवढं हो किंवा नाही मध्ये सांगा.

आपली,
एक भागधारक आणि विमान कंपनीच्या हिशेब खात्यातली माजी कर्मचारी
विलेपार्ले (पूर्व), मुंबई